भूक, वखवख, तल्लफ: वजन जास्त असलेल्या रुग्णांसाठी सजग खाण्याचा आठ आठवड्यांचा वर्ग कसा घ्यावा

वजन कमी करायला आलेल्या बहुतेक रुग्णांना काय खावं हे ठाऊक असतं. आहारतज्ज्ञाने दिलेला तक्ता फ्रिजला चिकटवलेला असतो. सकाळची न्याहारी आणि दुपारचा डबा बऱ्यापैकी त्याबरहुकूम होतो. तक्ता मोडतो संध्याकाळच्या चहाला, नाहीतर रात्री घरात निजानीज झाल्यावर. हात फरसाणाच्या डब्यात जातो आणि दोन मुठी तोंडात गेल्यावर कळतं की आपण खातोय. हात निघतो आणि घास तोंडात जातो, त्यामधल्या दोन-चार सेकंदांवर सजग खाण्याचा, म्हणजे भूक, चव आणि मनातली ओढ यांकडे लक्ष देऊन खाण्याचा, वर्ग काम करतो. आहारतक्ता त्यासोबत लागतोच. तो पाळता यावा म्हणून जे कौशल्य लागतं, ते हा वर्ग शिकवतो.

हा लेख वर्ग घेऊ पाहणाऱ्या आहारतज्ज्ञांसाठी, समुपदेशकांसाठी आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांसाठी आहे. एकट्याने सराव करणाऱ्यालाही यातला बराचसा भाग वापरता येईल.

यातून काय मिळतं आणि काय मिळत नाही

जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात ताण आणि जुनाट दुखणी असलेल्या रुग्णांसाठी सजगतेचा (माइंडफुलनेसचा) वर्ग सुरू केला. आठ आठवड्यांचा साचा तिथून आला. इंडियाना स्टेट विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ जीन क्रिस्टेलर यांनी पुढे खाण्यासाठी वेगळा कार्यक्रम बांधला. त्यांचा १८ स्थूल स्त्रियांवरचा पहिला छोटा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला आणि १५० जणांवरचा मोठा अभ्यास २०१४ साली. मोठ्या अभ्यासात ज्यांना अनावर खाण्याचा विकार होता, त्यांच्यापैकी सजगता शिकलेल्या ९५ टक्के लोकांमध्ये चार महिन्यांनी त्या विकाराचे निकष उरले नव्हते. वर्तनबदलाचं नेहमीचं शिक्षण मिळालेल्या गटात हे प्रमाण ७६ टक्के होतं.

वजनाचं चित्र एवढं ठळक नाही. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९४ स्थूल व्यक्तींना साडेपाच महिने आहार आणि व्यायामाचा कार्यक्रम दिला गेला, त्यांतल्या एका गटाला सजगतेची जोड दिली. दीड वर्षाने त्या गटाचं वजन दुसऱ्यापेक्षा सरासरी १.७ किलोने जास्त उतरलेलं होतं, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक पक्का धरता आला नाही. म्हणून पहिल्या दिवशी रुग्णांना स्वच्छ सांगावं: अनावर खाणं, मन बिघडलं की खाणं, गोडाची ओढ यांवर या वर्गाचा चांगला परिणाम होतो, वजन उतरेल की नाही हे त्यासोबतच्या आहारावर आणि हालचालीवर ठरेल. "आठ आठवड्यांत आठ किलो" अशी जाहिरात करून भरवलेला वर्ग चौथ्या आठवड्याला अर्धा रिकामा होतो, आणि गेलेला रुग्ण स्वतःलाच दोष देत जातो. हे टाळणं आपल्या हातात आहे.

कोणाला घ्यावं

भारतीयांसाठी बॉडी मास इंडेक्स २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे स्थूलता धरतात. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की धोका वाढतो. पण या वर्गाला आकड्यापेक्षा खाण्याची तऱ्हा पाहून माणसं निवडावीत. भराभर जेवणारे, टीव्ही किंवा मोबाइलसमोर जेवणारे, राग आला किंवा एकटं वाटलं की स्वयंपाकघराकडे वळणारे, दिवसभर उपाशी राहून रात्री भरमसाट खाणारे, अशांना याचा उपयोग होतो. ज्यांचं वजन मुख्यतः औषधांमुळे किंवा आजारामुळे वाढलं आहे, त्यांचं आधी डॉक्टरांनी पाहावं. स्टेरॉइड आणि ओलान्झापिनसारखी औषधं भूक खरोखरच वाढवतात. तिथे "लक्ष देऊन खा" एवढं सांगणं अन्याय आहे.

उलट्या काढणारे, जुलाबाची औषधं घेऊन वजन उतरवू पाहणारे, तीव्र नैराश्यात असलेले आणि आत्महत्येचे विचार येणारे यांना गटात बसवू नये. त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावं. लहानपणी अत्याचार सोसलेल्या व्यक्तीला डोळे मिटून शरीराकडे लक्ष देताना घाबरं होऊ शकतं. म्हणून सगळ्यांनाच मुभा द्यावी: डोळे उघडे ठेवले तरी चालतील, मध्येच उठलं तरी चालेल.

मधुमेहाच्या रुग्णांबाबत एक गोष्ट पहिल्याच दिवशी ठरलेली हवी. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड चालू असेल, तर "भूक लागेल तेव्हाच खा" हा सल्ला धोकादायक आहे, कारण जेवण चुकलं की रक्तातली साखर फार उतरू शकते. त्यांनी जेवणाच्या वेळा आणि औषधाच्या वेळा पाळायच्याच. सजगता त्यांनी प्रमाण आणि वेग यांपुरती वापरायची. हात थरथरणं, घाम, धडधड जाणवली की ते बघत बसायचं नाही. लगेच साखर तपासायची आणि ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर तीन सपाट चमचे, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, साखर पाण्यातून घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची. यंत्र जवळ नसेल तर तपासणीसाठी न थांबता साखर घ्यावी. खाणं कमी झालं की औषधाचा डोसही बदलावा लागू शकतो, म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आधीच कळवावं. सेमाग्लुटाइडसारखी औषधं घेणाऱ्यांना भूक मुळातच कमी जाणवते; त्यांच्यासाठी भुकेपेक्षा तृप्तीचे सराव जास्त कामाचे.

जागा, वेळ, माणसं

गट ८ ते १२ जणांचा. सहापेक्षा कमी असले तर दोघे गैरहजर राहताच वर्ग विरतो, बारापेक्षा जास्त असले तर बोलायला वेळ पुरत नाही. आठवड्यातून एकदा, दोन तास. दुपारी अडीच ते साडेचार ही वेळ गृहिणींना जमते, नोकरदारांना शनिवारची सकाळ. जेवून लगेच वर्ग ठेवला तर भुकेचे सराव फसतात आणि सगळे पेंगतात. हात नसलेल्या भक्कम खुर्च्या हव्यात. प्लास्टिकच्या, हाताच्या खुर्चीत अडकून बसलेला माणूस दोन तास फक्त आपल्या मांड्यांचा विचार करतो. गुडघे दुखणाऱ्यांना सतरंजीवर बसवू नका.

वजन घ्यायचं ते वेगळ्या खोलीत, एकेकाचं: सुरुवातीला, शेवटी आणि नंतर महिन्याला. आकडा गटात बोलायचा नाही. व्हॉट्सॲप गट केला तर त्यात ताटाचे फोटो आणि वजनं टाकायची नाहीत हा नियम पहिल्या दिवशीच सांगावा. नाहीतर आठवडाभरात शर्यत सुरू होते.

मोजमाप म्हणून १६ प्रश्नांची अनावर खाण्याची मोजपट्टी (बिंज ईटिंग स्केल) वापरता येते. एकूण गुण ० ते ४६. १७ पर्यंत त्रास नाही किंवा किरकोळ, १८ ते २६ मध्यम, २७ किंवा जास्त तीव्र. त्याशिवाय तीन साध्या नोंदी पुरेशा आहेत: आठवड्यात किती वेळा खाणं हाताबाहेर गेलं, रात्रीचं जेवण किती मिनिटांत उरकलं, आणि किती वेळा भूक नसताना खाल्लं. आठवड्यातून निदान एकदा, असं तीन महिने, ताबा सुटून खाणं होत असेल तर तो विकार असू शकतो. तशा व्यक्तीची स्वतंत्र तपासणी करून घ्यावी.

आधी शब्द

या वर्गाचा खरा पाया म्हणजे नेमके शब्द, आणि मराठीत ते तयार आहेत. भूक पोटात असते: पोकळी जाणवते, पोट कुरकुरतं, भाकरीसुद्धा चालेल असं वाटतं. वखवख पोट भरलेलं असतानाही असते. काय हवं ते कळत नाही आणि एकामागून एक डबे उघडले जातात. तल्लफ एकाच गोष्टीची असते, चहाची, पेढ्याची, गाड्यावरच्या वड्याची. आणि चौथं, तोंड चाळवणं: हाताला आणि तोंडाला नुसता चाळा हवा असतो. दुसऱ्या टोकाला पोट भरणं वेगळं, मन भरणं वेगळं, आणि पोटाला तडस लागणं अगदीच वेगळं. हे सात शब्द फळ्यावर लिहून ठेवा आणि आठही आठवडे पुसू नका. "मला भूक लागली" असं म्हणणारी व्यक्ती जेव्हा थांबून "नाही, ही वखवख आहे" असं म्हणते, तेव्हा निम्मं काम झालेलं असतं.

पहिला आठवडा: चार मनुका

मनुका घ्याव्यात, बिनबियांच्या, प्रत्येकाला चार. तासगावचा बेदाणा उत्तम, पण फार सुकलेला कडक नको. हातावर द्यायच्या आधी दोन मिनिटं श्वासाकडे लक्ष. मग पहिली मनुका तळहातावर. रंग बघा, सुरकुत्या बघा, बोटांत फिरवून चिकटपणा बघा, नाकाशी न्या. तोंडाला पाणी सुटतं का, ते बघा. ओठांवर ठेवा, जिभेवर ठेवा, पण चावू नका. साधारण अर्धा मिनिट. मग एकदाच चावा आणि थांबा. चव कुठे पसरली? गिळायची इच्छा कधी झाली आणि गिळणं कधी झालं, यांत अंतर होतं का? या एका मनुकेला चार-पाच मिनिटं लागतात. दुसरी थोडी वेगाने. तिसरी नेहमीच्या वेगाने. चौथी खायची की ठेवायची, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

ही चौथी मनुका महत्त्वाची. "समोर आहे म्हणून खायचं" आणि "हवं आहे म्हणून खायचं" यांतला फरक अनेकांना पहिल्यांदाच जाणवतो. सराव झाल्यावर वीस मिनिटं बोलू द्या. कोणी म्हणेल, मला मनुका मुळात आवडतच नाहीत हे आज कळलं. कोणाला काहीच वाटलेलं नसेल. तेही ठीक, त्यावर समजावत बसू नका.

घरचा अभ्यास: आठवड्यातून सहा दिवस दहा मिनिटं बसून श्वासाकडे लक्ष, आणि रोजच्या एका जेवणाचे पहिले पाच घास असेच. पूर्ण जेवण शांतपणे करायला सांगू नका. चार माणसांच्या घरात ते जमत नाही, आणि तीन दिवस जमलं नाही की माणूस वर्गाला यायचं बंद करतो.

दुसरा आणि तिसरा आठवडा: भूक ओळखणं, चव विझणं

भुकेला १ ते १० गुण द्यायचे. १ म्हणजे भूकच नाही, १० म्हणजे चक्कर येईल इतकी. जेवायला बसताना साधारण ५ ते ७ असावी. ९ वर बसणारा माणूस भराभर खातो, हा स्वभावदोष नाही. दुपारचा डबा एक वाजता आणि रात्रीचं जेवण साडेनऊला, मध्ये काही नाही, तर हेच होणार. त्याला संध्याकाळी सहाला मूठभर भाजलेले चणे किंवा एखादं फळ द्या. कधीकधी एवढ्यानेच रात्रीचं खाणं आवरतं. उपवासाचंही तेच. "एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण साबुदाण्याच्या खिचडीबद्दल खरी ठरते, कारण दिवसभर आवळून धरलेली भूक संध्याकाळी सुटते. उपवास करू नका असं सांगायची गरज नाही. त्या दिवशीचे गुण लिहायला सांगा.

शरीराकडे क्रमाने लक्ष नेण्याचा सराव दुसऱ्या आठवड्यातच येतो. तो तळपायांपासून सुरू करा आणि पोटाजवळ घाई न करता, हळुवार पोहोचा. वजन जास्त असलेल्या माणसाने पोटाबद्दल वर्षानुवर्षं टोमणे ऐकलेले असतात. पोटावर हात ठेवा असं पहिल्याच मिनिटाला सांगितलं तर काहींचे डोळे भरून येतात.

तिसऱ्या आठवड्यात शेव किंवा चिवडा आणा. प्रत्येकी एक छोटी वाटी, सुमारे २५ ग्रॅम. शेवेत त्यातून साधारण १४० कॅलरी जातात. एकेक चिमूट खायची आणि प्रत्येक चिमटीनंतर चवीला १० पैकी गुण द्यायचे. एकच पदार्थ खात राहिलं की त्याची गोडी हळूहळू उतरते, हे बार्बरा रोल्स यांनी १९८० च्या दशकात प्रयोगांनी दाखवलं. बहुतेकांना ते पाचव्या-सहाव्या चिमटीला जाणवतं: पहिला घास ९, आता ४. तरीही हात चालूच असतो. तो का चालू आहे, एवढंच बघायला सांगा. उरलेली शेव परत करायला मोठा डबा मध्ये ठेवा, पण त्याकडे बोट दाखवू नका.

इथे वर्ग घेणाऱ्याच्या हातून हमखास होणारी चूक म्हणजे नियम काढणं. "प्रत्येक घास ३२ वेळा चावा", "पाचव्या चिमटीला थांबा". नियम निघाला की हाही एक डाएट होतो, आणि डाएट मोडल्यावर येणारी शरम रुग्णाला पुन्हा डब्याकडे नेते. आपण फक्त बघायला शिकवतो आहोत. थांबणं मागून येतं.

चौथा आणि पाचवा आठवडा: तल्लफ आणि मन

या दोन आठवड्यांना सर्वांत जास्त वेळ द्या. तल्लफेवर स्वार होण्याची पद्धत सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले ॲलन मार्लाट यांनी व्यसनांच्या उपचारासाठी मांडली आणि ती खाण्याला तशीच लागू पडते. ज्याची ओढ आहे तो पदार्थ प्रत्येकाने घरून आणायचा: चॉकलेट, पेढा, वेफर. तो समोर ठेवायचा, वास घ्यायचा, मग खाली ठेवायचा. ओढ शरीरात कुठे जाणवते ते शोधायचं. घशात आवंढा? जबड्यात ताण? हाताला हुरहुर? दर मिनिटाला १० पैकी गुण द्यायचे, दहा मिनिटं. ओढ चढते, टोकाला जाते आणि न खाताही बऱ्याचदा ओसरते. ज्यांची ओसरत नाही, त्यांना नापास ठरवू नका. त्यांना दिसलेली गोष्ट एवढीच की ओढ असताना स्वस्थ बसता येतं. शेवटी पदार्थ खायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि खाणाऱ्याने तो चवीने खायचा.

तल्लफ दाबायला सांगू नका. "पेढ्याचा विचारच करायचा नाही" म्हटलं की मन पेढ्याशीच येऊन थांबतं.

मनःस्थितीशी जोडलेल्या खाण्यासाठी साखळी लिहून घ्या, एका प्रसंगाची आणि उलट क्रमाने. उदाहरण घ्या: रात्री साडेदहाला अर्धं पाकीट बिस्किटं. त्याआधी मोबाइल. त्याआधी मुलाशी अभ्यासावरून वाद. त्याआधी दिवसभर बसायला न मिळणं. मग विचारा: या साखळीत थांबायला सर्वांत सोपी कडी कोणती? बहुधा ती बिस्किटापाशी नसते, वादानंतर गॅलरीत घेतलेल्या तीन श्वासांपाशी असते. तीन श्वासांचा हा थांबा रोजचा करा: पहिल्या श्वासाला शरीर कसं आहे ते बघायचं, दुसऱ्याला मनात काय आहे ते, तिसऱ्याला आता खरोखर काय हवं आहे ते. कधी उत्तर झोप असतं. अपुऱ्या झोपेने भूक वाढते. घोरणाऱ्या आणि दिवसा पेंगणाऱ्या रुग्णाची झोपेची तपासणी जरूर करून घ्या.

सहावा आठवडा: पुरे म्हणणं

पोट ताणलं गेल्याचा आणि आतड्यातून सुटणाऱ्या संप्रेरकांचा निरोप मेंदूत ठसायला वेळ लागतो, ढोबळमानाने वीस मिनिटं. सात मिनिटांत जेवण उरकणाऱ्याला पुरेसं झालं हे कळतं तेव्हा तडस लागलेली असते. वर्गात अर्धा लिटर पाणी पाच मिनिटांत, घोट घोट पिऊन पोटातला ताण कसा वाढतो ते जाणवू द्या. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून पिणाऱ्यांना यातून वगळा.

पण खरा प्रश्न माणसांचा आहे. आग्रह. "माझ्या हातचं एक तरी घे." त्याचबरोबर "पानात टाकू नये" ही लहानपणापासूनची शिकवण, आणि बहुतेक घरांतल्या बायकांचं सगळ्यांनंतर बसून उरलंसुरलं संपवणं. यावर वर्गात सराव करून घ्या, दोघा-दोघांच्या जोड्या करून. एकीने आग्रह करायचा, दुसरीने तीनदा नाकारायचं, आवाज मऊ ठेवून: "फार छान झालंय, मन भरलं, घरी न्यायला डब्यात द्या." टाकू नये हे मूल्य जपायचंच असेल तर वाढून घेताना कमी घ्यावं, नको असलेलं अन्न पोटात टाकणं हेही वायाच जाणं आहे, हे बायकांना चटकन पटतं. मुलाच्या पानातली अर्धी पोळी झाकून ठेवावी आणि सकाळी फोडणीला घालावी.

सातवा आठवडा: अंगतपंगत

सगळ्यांनी आपापला डबा आणायचा आणि एकत्र बसायचं. पहिली दहा मिनिटं न बोलता, मग गप्पा मारत. बोलणं सुरू होताच लक्ष कुठे जातं आणि वेग कसा वाढतो, हे तिथेच दिसतं. बुफेचा सरावही याच दिवशी: आधी सगळं टेबल फिरून बघा, मग तीन पदार्थ निवडा.

क्रिस्टेलर यांच्या कार्यक्रमात आतलं शहाणपण आणि बाहेरचं शहाणपण अशी जोडी आहे. आतलं म्हणजे भूक आणि तृप्तीचे शरीराचे इशारे, बाहेरचं म्हणजे आकडे. एक चमचा तेल ५ ग्रॅम, ४५ कॅलरी. दिवसाला चार चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे साखरेच्याच १६० कॅलरी. प्रत्येकाने आपल्या दिवसातून ३०० ते ५०० कॅलरी अशा काढायच्या की ज्यांची चव मुळात नीट घेतलीच जात नाही. चौथा चहा, टीव्हीसमोरची शेव, दुसऱ्या वाढीवरचं तूप. आवडीची पुरणपोळी यादीत घालू नका.

आठवा आठवडा आणि पुढे

मोजपट्टी पुन्हा भरून घ्या आणि प्रत्येकाने ठेवायचा एकच सराव निवडू द्या. दोन निवडले तर दोन्ही सुटतात. गणपती, दिवाळी आणि लग्नसराईचे दिवस कॅलेंडरवर खुणावून त्यांच्या आदल्या आठवड्यात एकेक बैठक ठेवा. एरवी महिन्यातून एकदा, निदान सहा महिने.

घसरणीबद्दल आधीच बोलून ठेवा. एक दिवस सगळं हाताबाहेर गेल्यावर पुढच्या जेवणाला उपाशी राहायचं नाही, वेळेवर नेहमीएवढं जेवायचं. मोजपट्टीचे गुण आठ आठवड्यांनंतरही २७ किंवा जास्त असतील, तर वर्ग पुन्हा करायला न सांगता त्या व्यक्तीला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावं. गुण उतरले आणि वजन तसंच राहिलं, तर आहारतज्ज्ञासोबत तक्ता नव्याने मांडायची ती योग्य वेळ आहे, कारण आता तो पाळला जाण्याची शक्यता आधीपेक्षा बरीच जास्त असते.